माप माझं, पंच भाऊंचा

आमच्या वर्कशॉपमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ब्लॉकच्या कडेला एक ठसा असतो. आधी दोन अक्षरं, मग आकडा. अक्षरं दत्तूभाऊंच्या नावाची. आकडा साइजचा. पुढं कधीतरी तो ब्लॉक पुन्हा उघडला की मिस्त्री लोक कडेची घाण बोटानं पुसतात, ठसा बघतात आणि म्हणतात, "दत्तूभाऊचं काम हाय, बगायला नको."

त्या आकड्यामागचं माप गेली वीस-बावीस वर्षं मी घेते. हे कुणाला माहीत नाही असं नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडला जेवढी गॅरेजं आहेत त्या सगळ्यांना माहीत आहे. पण माहीत असणं आणि तोंडानं म्हणणं यात फार अंतर असतं. मला चारचौघांत बोलता येत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तिथंही बाई प्रश्न विचारायच्या तेव्हा मी पाटीकडे बघत बसायची. म्हणून मापाच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहिते आहे. जे तोंडातून निघालं नाही ते निदान पेनातून निघावं.

आधी कामाचं सांगते. बोअरचं काम करते म्हटलं की नात्यातल्या बायका मला पाणी किती फुटावर लागलं असं विचारतात. आमचं बोअर जमिनीतलं नव्हे, इंजिनातलं. इंजिनाच्या लोखंडी ठोकळ्याला ब्लॉक म्हणतात. त्यात गोल भोकं असतात, ते सिलिंडर. प्रत्येक सिलिंडरमध्ये एक पिस्टन वर-खाली पळतो. वर्षानुवर्षं पळून भोक झिजतं, आणि तेही सारखं झिजत नाही. उखळ जसं मुसळ पडेल त्या बाजूनं जास्त खोल होतं, तसं सिलिंडर वरच्या अंगाला आणि एका बाजूनं जास्त खातं. गोल भोक लांबट होतं. मग गाडी धूर सोडते, ऑइल पिते, चढाला दम टाकते. तेव्हा ते भोक थोडं मोठं करून पुन्हा गोल करायचं आणि त्यात तेवढाच मोठा पिस्टन घालायचा. एवढंच आमचं काम.

मोठे पिस्टन ठरलेल्या साइजमध्ये मिळतात. एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर पंचवीस भाग मोठा, पन्नास मोठा, पंचाहत्तर मोठा आणि शेवटी शंभर. त्यापुढं ब्लॉकमध्ये नवी नळी ठोकावी लागते, तिला स्लीव्ह म्हणतात. म्हणजे प्रत्येक ब्लॉकला चार वेळा जगायची सोय असते. त्यातलं एकही आयुष्य फुकट घालवायचं नाही, हे माझ्या नवऱ्यानं मला पहिल्या आठवड्यात सांगितलं.

आमचे हे भाऊंच्या वर्कशॉपमध्ये माप घेत. साखरेच्या आजारानं त्यांची नजर कमी झाली आणि गेजवरची, म्हणजे बोअर मोजायच्या यंत्रावरची, सुई दिसेना. मी डबा घेऊन जायची, तेव्हा ते हळूच म्हणायचे, "सुई कुटं हाय बग गं." मी सांगायची. आधी डब्याच्या वेळेपुरती, मग अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस. ते गेले तेव्हा तेराव्यानंतर दत्तूभाऊ घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, दोन ब्लॉक माप घ्यायचे राहिलेत." मी गेले. गेज आमच्या ह्यांचंच होतं. लाकडी पेटीच्या झाकणाला आतून त्यांचं नाव खिळ्यानं कोरलेलं आहे.

मला काम जमलं त्याचं कारण माझी बोटं. लग्नाआधी मी आईबरोबर विड्या वळायची. तंबाखू एक चिमूट जास्त झाली की डोळ्यांआधी बोटाला कळायचं. सिलिंडरच्या वरच्या कडेला झिजेमुळं जो कंगोरा तयार होतो तो मी नखानं चाचपते आणि गेज लावायच्या आधी मनात आकडा धरते. बहुतेक वेळा सुई तिथंच येते. हे मी कुणाला सांगत नाही, जादू केल्यासारखं वाटतं. पण सुई तिथं आली की बरं वाटतं, हे खोटं कशाला बोलू.

ह्यांचा नियम एकच होता, पिस्टन आधी, बोअर नंतर. खोक्यावर पन्नास छापलेलं असलं म्हणून पिस्टन पन्नासच आहे असं धरायचं नाही. पिस्टन हातात घ्यायचा, मायक्रोमीटरनं मोजायचा, आणि तोही ठरलेल्या जागी, खालच्या अंगाला, पिनच्या भोकाच्या आडव्या बाजूनं. पिस्टन मुद्दामच पुरता गोल केलेला नसतो. ॲल्युमिनियमचा असल्यानं तापला की लोखंडापेक्षा जास्त फुगतो. म्हणून त्याच्याभोवती फट ठेवावी लागते. फट कमी पडली तर तो तापून सिलिंडरला घट्ट बसतो आणि गाडी जाग्यावर जाम होते. जास्त झाली तर पिस्टन आत खडखडतो. चार पिस्टन असतील तर चारही वेगळे मोजायचे, ज्याचं त्याचं बोअर ज्याच्या त्याच्या मापानं मारायचं आणि नंबर टाकायचे. एकचा पिस्टन एकात, दोनचा दोनात.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी माप घेणं म्हणजे स्वतःला फसवणं. लोखंड तापलेलं, पिस्टन त्याहून तापलेला, माप कुणाचं धरायचं? मी पिस्टन आदल्या संध्याकाळी ब्लॉकशेजारी मांडून ठेवते आणि सकाळी नऊच्या आत मोजते. पिस्टन तळहातावर फार वेळ धरतही नाही. माझ्या अंगाची ऊबसुद्धा मापात येते.

इतकं सगळं करून शेवटी काय होतं ते सांगते. अकलूजचा एक धिप्पाड गडी मोटरसायकलचं सिलिंडर घेऊन आला. म्हणाला, "मावशी, एकदम शंभर मारा. गाडी पळली पायजे."

मी म्हटलं, "पंचवीसमध्ये साफ होतंय. शंभर मारलं तर पुढच्या येळंला काय करशील?"

"भाऊंना बोलवा."

भाऊ आतून चहाचा कप घेऊन आले, सिलिंडरकडे न बघता मला म्हणाले, "किती म्हनला वहिनी?" मी पंचवीस म्हटलं. भाऊंनी त्याच्याकडे वळून सांगितलं, "पंचवीस."

"भाऊ म्हनत्यात तर पंचवीस," असं म्हणून तो खुशीत गेला. तोच आकडा, दोन पावलांवरून, दुसऱ्या तोंडातून. हसू आलं तेव्हा. आता येत नाही.

आता चनबसप्पाच्या जीपचं सांगते. त्यासाठीच लिहायला बसले.

चनबसप्पा दुधनीचा. दुधनी ते अक्कलकोट वडाप करतो, म्हणजे माणसं भरून जीप चालवतो. जीपवर त्याचा जीव आहे. सकाळी तिला ऊदबत्ती ओवाळल्याशिवाय चावी फिरवत नाही. जीप धूर सोडायला लागली म्हणून अक्कलकोटच्या बंडू मिस्त्रीनं इंजिन उतरवलं आणि ब्लॉक आमच्याकडे पाठवला. मी माप घेतलं, पन्नास सांगितलं. चनबसप्पा पन्नासचा चार पिस्टनचा सेट घेऊन आला.

नवा पिस्टन आला की मी तो बोटाच्या पेरानं वाजवून बघते, बाजारात माठ वाजवून घेतात तसा. चांगला पिस्टन भांड्यासारखा खणखणतो. त्या चारांतला एक बद्द वाजला. भिंगातून बघितलं तर खालच्या कडेला केसासारखी चीर. कुठंतरी पडला असणार. मी तो बाजूला काढला. दुकानात त्या कंपनीचा सुटा पिस्टन नव्हता, म्हणून चनबसप्पानं दुसऱ्या कंपनीचा आणला. वजन जुळलं. माप जुळेना. बाकीच्या तिघांपेक्षा तो चार भागांनी मोठा होता. मिलिमीटरच्या शंभरातले चार. डोळ्याला काही दिसत नाही एवढं.

मी म्हटलं, "सेटच बदलून आना."

"काय ओ बाई, चार दिवस गाडी हुबी हाय. माझी मानसं दुसऱ्याच्या गाडीत बसायलीत."

भाऊ म्हणाले, "वहिनी, त्याच्या मापानं एक बोअर चार भाग मोठं मारू. बसंल की."

ते खोटं नव्हतं. असं करता येतं. तो पिस्टन तिसऱ्या सिलिंडरला द्यायचं ठरलं. भाऊंनी मशीन चालवलं, मी माप देत गेले, शेवटचा हात मारून आतल्या तिरक्या रेषा मीच काढल्या. त्या रेषांत ऑइल टिकतं. चारही बोअर जसे हवे तसे झाले. वहीत आकडे लिहिले आणि तीनच्या पुढं लिहिलं, दुसरी कंपनी, मोठा.

राहिले नंबर. पिस्टनच्या माथ्यावर नंबर ठोकायला आकड्यांचे पोलादी पंच असतात. ते भाऊंच्या टेबलाच्या खणात, एका डबीत, अक्षरांच्या पंचांशेजारी. खणाला कुलूप आणि किल्ली भाऊंच्या कमरेला. त्यांच्या वडिलांनी, आबांनी, घालून दिलेली पद्धत आहे, ठसा घरच्या माणसानंच मारायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा होते तेव्हा पंचांना वेगळ्या पाटावर बसवतात. मी इतकी वर्षं त्या पाटाला हळदकुंकू वाहिलं आहे. हातोडी कधी उचललेली नाही. घरच्या माणसानं म्हणजे घरच्या पुरुषानं, हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. समजत होतं.

त्या दिवशी भाऊ लग्नाला निघाले होते. मी म्हटलं, "भाऊ, ह्याचे नंबर ठोकूनच द्यायला पायजेत. एक वेगळा हाय."

"पेननं लिवा की वहिनी. आट दिवसांत कुटं पुसतंय."

मी निळ्या मार्कर पेननं चारही माथ्यांवर मोठे आकडे काढले. चनबसप्पाला तीन नंबरचा पिस्टन हातात घेऊन दाखवला. म्हटलं, "ह्यो तिसऱ्यातच. चुकून बी दुसरीकडं न्हाय." तो फोनवर कन्नडमध्ये बोलत होता. मान हलवली, "व्हय व्हय" म्हणाला. मिस्त्रीला निरोप द्यायलाही सांगितलं. पुन्हा व्हय व्हय.

आठवड्यानं तो वर्कशॉपच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याचा आवाज रस्त्यापलीकडच्या टायरवाल्यापर्यंत जात होता. जीप अक्कलकोटच्या अलीकडे भर दुपारी जाम झाली होती. म्हातारी माणसं, लेकरं, सगळी उन्हात उतरवावी लागली. एका बाईला चक्कर आली. माझं चुकलं असेल तर ते फार मोठं चुकलं होतं.

"बाईच्या हातात माप दिलं, तवाच मला शंका आलती," चनबसप्पा म्हणाला. "पोळ्या लाटायचं काम हाय का हे?"

अंगणात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. सगळी माझ्याकडे बघत होती. मी भाऊंकडे बघितलं. अकलूजचा तो गडी आला तेव्हा भाऊंना माझा आकडा पुरला होता. आता ते म्हणाले, "बगतो की. इंजिन खोलू, मग बगू." आणि सगळ्यांसमोर गेजची पेटी उचलून कपाटात ठेवली. "वहिनी, थोडं दिवस माप मी घेतो. तुमी बाकीचं बगा."

झाकणाला आतून माझ्या नवऱ्याचं नाव आहे त्या पेटीला त्यांनी कुलूप लावलं. मी खाली बसून कापडानं ब्लॉक पुसत राहिले. इंजिन उघडलेलं नाही, कुणी काही मोजलेलं नाही, तरी निकाल लागला होता. विडी कारखान्यात तपासनीस निदान जुडी उघडून बघून मग नापास करायचा.

चार दिवस भाऊंनी माप घेतलं. चष्मा कपाळावर, चष्मा डोळ्यांवर, चष्मा पुन्हा कपाळावर. त्यांनी माप घेणं सोडून वीसहून जास्त वर्षं झाली होती. दुपारी दोन वाजता तापल्या पत्र्याखाली ते गेज घेऊन बसले. मी पिस्टन तेवढे उचलून सावलीत, ब्लॉकशेजारी नेऊन ठेवले. सकाळी त्यांनी पुन्हा मोजलं. आदल्या दिवसाचा आकडा खोडला. माझ्याकडे बघितलं नाही.

पाचव्या दिवशी टेम्पोतून इंजिन आलं. बरोबर चनबसप्पा, बंडू मिस्त्री आणि चनबसप्पाची बायको निलव्वा. तिला नंतर सोलापुरात बहिणीकडे जायचं होतं. ती दाराशी पोत्यावर पदर सारखा करत बसली. भाऊ, मिस्त्री आणि चनबसप्पा इंजिनाभोवती. मी मागं, भिंतीला लागून.

पहिल्या सिलिंडरचा पिस्टन जाम होता. लाकडी ठोकळा लावून, ठोकून काढला. दोन्ही बाजूंनी ओरबाडलेला. मिस्त्रीनं तो फिरवला आणि मला त्याच्या आतल्या बाजूची कंपनीची अक्षरं दिसली. बाकीच्या तिघांवर होती ती नव्हती.

"त्यो तीनचा हाय," मी म्हटलं.

कुणी ऐकलं नाही. माझा आवाज एवढासाच आहे. मी वही आणली, पान उघडून इंजिनावर ठेवली आणि पुन्हा म्हटलं, "त्यो तीनचा पिस्टन हाय. एकात बसवलाय."

भाऊंनी पान वाचलं. पिस्टन उलटा करून अक्षरं बघितली. तिसऱ्यातला पिस्टन काढला, तो पहिल्या कंपनीचा निघाला. मोठा पिस्टन लहान भोकात गेला होता. फट पुरली नाही, तापला, फुगला, चिकटला. एक अक्षर जास्त सांगायची गरज नव्हती.

"मिस्त्री, नंबर बगून बसवले न्हाईस का?" भाऊंनी विचारलं.

"नंबर हुता कुटं? बाण बगून बसवले की." प्रत्येक पिस्टनवर तोंड कुठं करायचं त्याचा बाण असतो. तो चारांवरही सारखाच असतो.

चार माथे डिझेलनं पुसले. निळ्या शाईचा ठिपका सुद्धा नव्हता. चनबसप्पा म्हणाला, "मी हात लावला न्हाय ओ. पूजा केली, गाडीत टाकले, मिस्त्रीला दिले." आणि पुरावा म्हणून मोबाइलमधला त्या दिवशीचा फोटो उघडून दाखवला. चार पिस्टन पाटावर, प्रत्येकाच्या माथ्यावर विभूतीचे तीन पट्टे, पुढं फुलं. त्यानं तो सगळ्या दुधनीला पाठवलेला होता.

मी फोटो बघितला आणि मला कळलं. मी दिले तेव्हा पिस्टन राखाडी होते. फोटोतले पिस्टन दिवाळीला घासलेल्या भांड्यांसारखे लखलखत होते.

माझं माहेर अक्कलकोटजवळचं, मोडकं-तोडकं कन्नड येतं. मी निलव्वाजवळ गेले आणि विचारलं, "हुणसेहण्णु?" म्हणजे चिंच.

तिचा चेहरा खुलला. "हौदु, अक्का." हो म्हणून ती सांगायला लागली. नवऱ्यानं सांगितलं, देवापुढं ठेवायचे आहेत, स्वच्छ कर. तिनं चिंचेनं घासले. निळे डाग काही केल्या जाईनात, म्हणून राख घेतली. किती वेळ घासत बसली होती ते तिनं हात करून दाखवलं. चांगलं काम केल्याचं समाधान होतं तिच्या सांगण्यात. मग तिनं आमचे चेहरे बघितले.

मिस्त्री हसला. "म्हंजे बाईनंच घोळ केला म्हना की." भाऊही हसले. सगळ्यांच्या अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. चनबसप्पा मात्र तिच्या अंगावर धावून गेल्यासारखा कन्नडमध्ये ओरडायला लागला. अक्कल नाही, घर बुडवलं, असलं काही. ती उठून उभी राहिली आणि हळू आवाजात एवढंच म्हणाली, "ननग गोत्तिरलिल्ल." मला ठाऊक नव्हतं.

दहा मिनिटांपूर्वी ती बाई मी होते. आता ती बाई निलव्वा झाली. बाई बदलली, शब्द तोच राहिला.

माझ्या डोक्यात त्या वेळी काय काय होतं ते आज ओळीनं लिहिता येतं. चनबसप्पा, स्वच्छ कर असं तिला तुम्ही सांगितलंत. नंबर कशाला असतो हे तुम्हाला सांगितलं होतं, तिला नाही. मिस्त्री, चार सिलिंडरचं इंजिन बांधताना नंबर दिसला नाही तर फोन करायला तुमचे हात मोडले होते का? दुसऱ्या कंपनीची अक्षरं तुमच्या डोळ्यांसमोर होती. भाऊ, पंच खणात होते, किल्ली कमरेला होती, आणि आठ दिवसांत कुठं पुसतंय असं तुम्ही म्हणालात. आणि मीही. पेननं लिहिलेलं टिकणार नाही हे मला ठाऊक होतं. ठोकल्याशिवाय ब्लॉक सोडणार नाही असं म्हणायला पाहिजे होतं. मी म्हटलं नाही. तिघांनी चूक केली, चौथी मी, आणि शिव्या खात होती ती एकटी, जिनं सांगितलेलं काम मन लावून केलं.

यातलं काही मी बोलले नाही. निलव्वाच्या हाताला धरून तिला पोत्यावर बसवलं आणि नवऱ्यालाही ऐकू जाईल इतपत म्हटलं, "निंद तप्पिल्ल." तुझी चूक नाही. चनबसप्पा थांबला. तेवढ्यात भाऊ कपाटाकडे गेले, पेटी आणली आणि माझ्यापुढं टेबलावर ठेवली.

"घ्या वहिनी. माप बरोबर हुतं तुमचं." नेतानाचा आवाज सगळ्या अंगणाला ऐकू गेला होता. देतानाचा मलाच ऐकू आला.

मी पेटीला हात लावला नाही. म्हटलं, "पंच द्या."

"कसला पंच?"

"आकड्यांचा. न्हायतर गेज परत आत ठेवा."

भाऊ बघतच राहिले. मलाही माझंच नवल वाटत होतं. "वहिनी, आबांची पद्धत हाय ती," ते म्हणाले. मी नुसती उभी राहिले, आणि एकदा उभं राहिल्यावर मला कळलं की न बोलता उभं राहणं मला फार चांगलं येतं. जन्मभर तेच केलं होतं.

शेवटी बोलला तो चनबसप्पा. "द्या की ओ भाऊ. माझी गाडी हुबी हाय."

माझ्या बाजूनं तो बोलला नाही, जीपच्या बाजूनं बोलला. मला न्याय मिळाला असं कुणी समजू नये. वडापची जीप खोळंबली होती म्हणून भाऊंनी कमरेची किल्ली काढली. आकड्यांची डबी माझ्यापुढं ठेवली. अक्षरांची डबी खणातच राहिली आणि खणाला पुन्हा कुलूप लागलं. ते अजून आहे. आजही ब्लॉकच्या कडेला भाऊंची दोन अक्षरं ठोकली जातात, आजही माणसं म्हणतात दत्तूभाऊचं काम हाय. बंडू मिस्त्रीला त्या दिवशी कुणी एक शब्द बोललं नाही. त्यानं टेम्पोत बसताना मला "येतो मावशी" म्हटलं, जणू काही झालंच नव्हतं. तोही अजून आमच्याकडेच ब्लॉक आणतो. आता तो नंबर बघतो, हे मात्र खरं.

पहिल्या सिलिंडरला आणि चार भाग मोठ्या मारलेल्या तिसऱ्यालाही नवी स्लीव्ह घातली. या वेळी चनबसप्पानं कुरकुर न करता एका कंपनीचा पूर्ण सेट आणला. निलव्वाही आली होती. बहिणीकडून परत जायची होती. मी चारही पिस्टन वाजवून बघितले. चारही खणखणले. मग पोत्याची घडी करून त्यावर पहिला पिस्टन ठेवला, एकचा पंच माथ्यावर मधोमध धरला आणि हातोडी उचलली. जास्त जोर नको, माप बिघडतं. कमी नको, उमटत नाही. किती ते मला कुणी शिकवलं नव्हतं, पण वीस वर्षं मी भाऊंचा हात बघितला होता.

एक. दोन. तीन. निलव्वा पोत्यावरून उठून कधी शेजारी येऊन बसली ते कळलं नाही. चौथा ठोकला आणि पिस्टन तिच्यापुढं केला. म्हटलं, "ईग तिक्कु." आता घास. हवा तेवढा घास.

तिनं अंगठा आकड्यावर दाबून दोनदा जोरात घासला. मग अंगठा उलटा करून उजेडात बघितला. काही लागलेलं नव्हतं.